‘काहीच न करणारं’ अमेरिकन सरकार नेमकं काय काय करत होतं

सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, इंग्रजीतून मराठीत आलेला दिसतोय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९२० साली अमेरिकेत १९२९ पेक्षा भयानक मंदी आली होती म्हणे, पण राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंगने काहीही केलं नाही, उलट सरकारी खर्च निम्मा केला, टॅक्स कापला आणि दीड वर्षात मंदी पळाली. मग त्याचा अर्थमंत्री अँड्र्यू मेलन आणि पुढचा अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी टॅक्स अजून कापले, सरकार गप्प बसलं आणि देशात सोन्याचा धूर निघाला. टीपॉट डोम (सरकारी तेलसाठ्यांचं प्रकरण) वगैरे घोटाळे म्हणजे विरोधकांनी आणि पेपरवाल्यांनी फुगवलेलं किरकोळ प्रकरण, त्याचा अर्थकारणाशी काय संबंध? पुढे हूव्हर आला, त्याने नको तिथे हात घालून साध्या मंदीची महामंदी केली, आणि रूझवेल्टने ती दहा वर्षं ताणली. खाली ‘हे शाळेत शिकवत नाहीत’ असंही लिहिलंय.

टॅक्स कमी असावा असं कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटावं, त्या बाजूने बोलायला चांगले मुद्दे आहेत. पण हा मेसेज इतिहास म्हणून फिरतोय आणि त्यातल्या तारखाच उलट्यासुलट्या आहेत. शिवाय पूर्ण मेसेजमध्ये फेडरल रिझर्व्हचं, म्हणजे अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेचं नाव एकदाही येत नाही. मंदीची गोष्ट सांगायची आणि व्याजदर ठरवणाऱ्याचं नावच घ्यायचं नाही, म्हणजे नवरदेवाशिवाय वरात काढल्यासारखं आहे.

आता हार्डिंगपासूनच घेऊ. मंदी सुरू झाली जानेवारी १९२० मध्ये, तळ गाठला जुलै १९२१ मध्ये, म्हणजे एकूण १८ महिने. हार्डिंगने शपथ घेतली ४ मार्च १९२१ ला (तेव्हा शपथविधी मार्चमध्ये व्हायचा). म्हणजे १८ पैकी १४ महिने खुर्चीत वुड्रो विल्सन होता, तोही पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला. हार्डिंगच्या वाट्याला आले शेवटचे चारेक महिने. आणि टॅक्स कापण्याचा जो कायदा फॉरवर्डमध्ये रामबाण औषध म्हणून सांगितलाय त्यावर सही झाली २३ नोव्हेंबर १९२१ ला, प्राप्तिकराचा सगळ्यात वरचा दर ७३ टक्क्यांवरून ५८ वर आला तो १९२२ च्या उत्पन्नापासून. तोपर्यंत मंदी तळातून वर येऊन चार महिने झाले होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असती तरी समजू शकलो असतो, इथे फांदी आधीच मोडलीय आणि कावळा नंतर येऊन बसलाय.

खर्च निम्मा केला हे आकड्यात खरंय. १९२० च्या आर्थिक वर्षात साधारण ६.४ अब्ज डॉलर होता तो १९२२ मध्ये ३.३ अब्जांवर आला. पण त्याच्या मागचा आकडा बघा ना, १९१९ मध्ये तो १८.५ अब्ज होता! पहिलं महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, तोफा-जहाजांच्या ऑर्डरी बंद झाल्या, खर्च धाडकन खाली आला आणि ती सगळ्यात मोठी कपात विल्सनच्या काळात झाली. आता खर्च कापल्याने मंदी जाते असं म्हणायचं असेल तर मग १८.५ वरून ६.४ वर आल्यावर लगेच मंदी सुरू कशी झाली याचं उत्तर आधी द्यावं लागेल.

मंदी आली कशी आणि गेली कशी, याचं बरंचसं उत्तर फेडमध्ये, म्हणजे फेडरल रिझर्व्हमध्ये आहे. युद्धानंतर महागाई भडकली होती, ती मोडायला न्यूयॉर्क फेडने जानेवारी १९२० मध्ये आपला व्याजदर पावणेपाचवरून एकदम ६ टक्के केला आणि जूनमध्ये ७. घाऊक किमती जवळपास ३७ टक्के कोसळल्या, इतक्या वेगाने १९२९ नंतरही कोसळल्या नव्हत्या, फॉरवर्डवाल्याचं ‘१९२९ पेक्षा भयानक’ बहुतेक इथून आलंय. पण बेकारी घ्या: १९२१ मध्ये वेगवेगळ्या अंदाजांप्रमाणे ९ ते १२ टक्के, १९३३ मध्ये २५ च्या आसपास. मग १९२१ च्या वसंतात फेडने दर खाली आणायला सुरुवात केली, वर्षाअखेरीस न्यूयॉर्कचा दर साडेचारवर आला होता, युरोपातून सोन्याचा ओघ चालू होता आणि बाजारात पैसा सैल झाला. फेडने मुद्दाम ब्रेक दाबला होता, तो सोडल्यावर गाडी चालायला लागली. १९२९ नंतर असं झालं नाही, त्यावर पुढे येतोच.

आणि ‘काहीही केलं नाही’ हे तर धडधडीत चूक आहे. शपथ घेऊन तीन महिने होत नाहीत तोच मे १९२१ मध्ये गहू, साखर, लोकर, मांस वगैरेवर तातडीचा टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क लावला. ऑगस्टमध्ये शेतमालाच्या निर्यातीला आणि शेतकऱ्यांना कर्ज द्यायला वॉर फायनान्स कॉर्पोरेशन या युद्धकाळात काढलेल्या सरकारी कर्जसंस्थेचे अधिकार वाढवले. सप्टेंबरमध्ये बेकारीवर राष्ट्रीय परिषद बोलावली, तिथे शहरांना आणि कंपन्यांना सांगितलं की कामं काढा, लोकांना कामावर ठेवा. ही परिषद भरवणारा वाणिज्यमंत्री कोण माहितीये का? हर्बर्ट हूव्हर. तोच, फॉरवर्डमधला व्हिलन. १९३२ मध्ये हूव्हरने बँका वाचवायला जी रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन काढली ती याच वॉर फायनान्स कॉर्पोरेशनच्या धर्तीवर, तिचा पहिला अध्यक्ष यूजीन मेयर, जो १९२१ मध्ये वॉर फायनान्समध्येही होताच. एकच माणूस, एकच पद्धत, आधी केलं तर ‘काहीच केलं नाही’ आणि नंतर केलं तर ‘सरकारी ढवळाढवळ’, हे काय गणित आहे?

दीड वर्षात सगळं सुरळीत झालं हे पण कुणाचं? मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत युद्धावरून परतलेल्या दोन मित्रांनी १९१९ च्या शेवटी पुरुषांच्या कपड्यांचं दुकान टाकलं, मोठ्या हॉटेलच्या समोर, सिल्कचे शर्ट, टाय, हॅट, सुरुवातीला धंदा जोरात. किमती कोसळल्या तशी ३५ हजार डॉलरच्या घरातल्या मालाची किंमत १० हजारांच्या आत आली, १९२२ मध्ये शटर खाली. त्यातल्या एकाने दिवाळखोरी जाहीर करायला नकार दिला आणि पुढे दहा-पंधरा वर्षं देणं फेडत बसला. त्याचं नाव हॅरी ट्रूमन, १९४५ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. मेलनच्या धोरणाबद्दल त्याचं मत काय होतं हे सांगायला नको.

शेतकऱ्याचं तर आणखी वाईट. १९२० च्या वसंतात कापूस पाउंडाला ४० सेंटच्या आसपास होता, त्याच वर्षीच्या डिसेंबरात १५ च्या खाली. युद्धाच्या काळात चढ्या भावाने कर्ज काढून जमिनी घेतलेल्या, भाव गेला, कर्ज तसंच राहिलं (हे वाचून विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही). तेव्हा अमेरिकेतली जवळपास ३० टक्के लोकसंख्या शेतावर राहायची. तिची मंदी १९२१ मध्ये संपलीच नाही, आणि तिच्याबरोबर गावोगावच्या छोट्या बँका बुडत राहिल्या, १९२१ ते १९२९ या तथाकथित सोन्याच्या काळात ५ हजारांवर बँकांनी दारं बंद केली.

मेलनचा मुद्दा. इथे थोडं मान्य करायला हवं. ७३ टक्के दर असताना श्रीमंत लोक पैसा टॅक्समुक्त म्युनिसिपल बाँडमध्ये नेऊन ठेवायचे, दर कमी केला तर तो पैसा बाहेर येईल आणि सरकारलाच जास्त मिळेल असं मेलनचं म्हणणं होतं आणि त्यात बऱ्यापैकी तथ्य होतं. वरचा दर १९२५ पर्यंत २५ टक्क्यांवर आला तरी दशकाच्या शेवटी प्राप्तिकराचं उत्पन्न वाढलेलंच होतं, सरकारवरचं कर्जही उतरलं. ठीक. पण त्याने सगळ्या देशाचा खिसा भरला म्हणणं म्हणजे अतीच झालं. १९२० च्या दशकाच्या मध्यानंतर विवाहित माणसाला ३,५०० डॉलरपर्यंत प्राप्तिकर लागतच नव्हता, आणि साध्या कामगाराची वर्षाची कमाई त्याच्या निम्म्याच्याही आत. म्हणजे ज्या कपातीचा एवढा गाजावाजा केलाय ती बहुसंख्य अमेरिकनांच्या घरापर्यंत पोचलीच नाही, कारण ते हा टॅक्स भरतच नव्हते. भरभराट आली ती मोटारीने, विजेने, रेडिओने आणि हप्त्यावर खरेदीने. १९२० मध्ये ८० लाखांच्या आसपास खाजगी गाड्या होत्या त्या १९२९ मध्ये सव्वादोन कोटींच्या पुढे गेल्या, आणि बहुतेक हप्त्यावर. कारखाने, त्यांना लागणारं काच-रबर-पोलाद, रस्ते, पेट्रोल पंप, सगळं त्याच्या मागून आलं.

बरं सरकार गप्प बसलं होतं का? सप्टेंबर १९२२ मध्ये फोर्डनी-मॅककंबर टॅरिफ आला, आयातीवर भरमसाट शुल्क. त्यात राष्ट्राध्यक्षाला दर वर-खाली करायचा अधिकार होता, १९२२ ते १९२९ मध्ये तो ३७ वेळा वापरला गेला, त्यात ३२ वेळा दर वाढवला. कमी केलेल्या पाच वस्तूंमध्ये काय होतं? लावे पक्षी आणि रंगाच्या ब्रशचे दांडे! म्हणजे कारखानदाराच्या मालाला भिंत बांधून दिली, आणि शेतकरी म्हणाले की आमचा जास्तीचा माल सरकारने घेऊन बाहेर विकावा आणि आम्हालाही भाव द्यावा, तर ते बिल काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने पास करूनही कूलिजने १९२७ मध्ये नाकारलं, १९२८ मध्ये परत नाकारलं. कारण? सरकारने बाजारात हात घालू नये. टॅरिफ वाढवताना बाजाराची आठवण झाली नव्हती.

मेलनच्या खात्याची आणखी एक गंमत ऐका. तिथे मोठ्या कंपन्यांना टॅक्सचे रिफंड गुपचूप दिले जात होते, त्यात मेलनच्या स्वतःच्या कुटुंबाच्या कंपन्याही होत्या. मिशिगनचा सिनेटर जेम्स कझन्स, हा मेलनच्याच रिपब्लिकन पक्षाचा आणि स्वतः करोडपती, एके काळचा हेन्री फोर्डचा भागीदार, याने १९२४ पासून त्याची चौकशी लावली. तर चौकशी चालू असतानाच टॅक्स खात्याने कझन्सलाच १९१९ मध्ये विकलेल्या फोर्डच्या शेअर्सवर सुमारे एक कोटी डॉलरच्या थकबाकीची नोटीस काढली! तो लढला आणि १९२८ मध्ये निकाल लागला की थकबाकी सोडाच, या माणसाने जास्तच टॅक्स भरलाय, त्याचेच पैसे परत द्या. टॅक्सची नोटीस कुणाला आणि कधी जाते हा प्रश्न तेव्हाही होता तर.

आता टीपॉट डोम, कारण ‘किरकोळ प्रकरण’ हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं होतं आणि खरं तर हा मजकूर लिहायला बसलो तो त्यामुळेच.

वायोमिंग राज्यात टीपॉट डोम नावाची जागा आहे, तिथे आणि कॅलिफोर्नियात एल्क हिल्सला जमिनीखाली तेल होतं, ते युद्धात नौदलाला लागेल म्हणून राखून ठेवलेलं. इंटिरियर खात्याचा, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचा मंत्री अल्बर्ट फॉल, न्यू मेक्सिकोचा माजी सिनेटर, याने ३१ मे १९२१ ला हार्डिंगच्या सहीने हे साठे नौदलाकडून आपल्या खात्याकडे घेतले. एप्रिल १९२२ मध्ये टीपॉट डोम हॅरी सिंक्लेअर या तेलवाल्याला भाडेपट्ट्याने दिलं, एल्क हिल्स एडवर्ड डोहेनीला. टेंडर नाही, जाहिरात नाही, सगळं बंद दाराआड. आठवड्याभरात वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी छापली (हा काही डाव्यांचा पेपर नव्हे), तरी चौकशीला लोक सुरुवातीला हसत होते.

चौकशी केली मोंटानाच्या सिनेटर थॉमस वॉल्शने, आणि धागा सापडला तो फॉलच्या गावाकडून. हा माणूस वर्षानुवर्षं आपल्या रँचचा टॅक्स भरत नव्हता, पैशाची ओढाताण, आणि मंत्री झाल्यावर अचानक थकबाकी भरली, शेजारची जमीन घेतली, घराचा कायापालट केला. अल्बुकर्कीच्या कार्ल मगी नावाच्या संपादकाने ही साक्ष येऊन दिली. (हाच मगी पुढे ओक्लाहोमा सिटीला गेला आणि १९३५ मध्ये रस्त्यावर जो पार्किंग मीटर लागला त्याची कल्पना त्याची, म्हणजे सरकारी जागा फुकट वापरणाऱ्यांच्या मागे हा माणूस आयुष्यभर लागलेला होता.) पैसे कुठून आले विचारल्यावर फॉल म्हणाला, वॉशिंग्टन पोस्टचा मालक एडवर्ड मॅकलीनने उसने दिले. वॉल्श थेट फ्लोरिडात पाम बीचला जाऊन मॅकलीनला भेटला, तिथे मॅकलीनने कबूल केलं की मी काही दिलेलं नाही. मग २४ जानेवारी १९२४ ला डोहेनी स्वतः येऊन सांगतो की एक लाख डॉलर रोख मी दिले, माझा मुलगा काळ्या बॅगेत घालून घेऊन गेला होता, पण ती लाच नव्हे हो, जुन्या मित्राला दिलेलं कर्ज! सिंक्लेअरकडून तर २ लाखांवर किमतीचे लिबर्टी बाँड (सरकारचे युद्धकर्जाचे रोखे) आले, आणि वर सहा कालवडी, एक वळू, सहा डुकरं आणि एक रेसचा घोडा. चिरीमिरीत गोठा भरून देणारा दानशूर.

याचा अर्थकारणाशी संबंध काय, तर ते बाँड आले कुठून ते बघा. सिंक्लेअर आणि आणखी काही बड्या तेल कंपन्यांचे प्रमुख यांनी कॅनडात कॉन्टिनेंटल ट्रेडिंग कंपनी नावाची कागदी कंपनी काढली, तिने तेल दीड डॉलर पिंपाने घेतलं आणि यांच्याच कंपन्यांना पावणेदोन डॉलरने विकलं, पिंपामागे पाव डॉलर मधल्या मध्ये. म्हणजे आपल्याच शेअरहोल्डरांना टोपी घातली. तीसेक लाख डॉलरचा फायदा लिबर्टी बाँडमध्ये बदलला, त्यातले काही फॉलकडे गेले आणि काही रिपब्लिकन पक्षाकडे, १९२० च्या निवडणुकीचं कर्ज फेडायला. पक्षाचा माजी अध्यक्ष विल हेज याने त्यातले ५० हजारांचे बाँड मेलनकडेही पाठवले होते, हे ठेवून घे आणि तेवढी रोख देणगी दे म्हणून. मेलनने बाँड परत केले, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, स्वतःच्या खिशातून पक्षाला देणगी दिली. पण सिनेट चार वर्षं याच बाँडचा माग काढत असताना देशाचा अर्थमंत्री तोंड मिटून बसला आणि १९२८ मध्ये साक्षीला बोलावल्यावर बोलला. यातलाच एक, स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियानाचा रॉबर्ट स्टुअर्ट, याला १९२९ मध्ये धाकट्या रॉकफेलरने शेअरहोल्डरांची मतं गोळा करून हाकललं. सरकारने नाही. शेअर विकणाऱ्या कंपनीने खरे हिशोब दाखवावेत असं सांगणारी केंद्राची यंत्रणा तेव्हा नव्हतीच, ती आली १९३४ मध्ये, लोकांचे पैसे बुडाल्यावर.

आणि फक्त तेल नाही. जखमी सैनिकांसाठीच्या ब्युरोचा प्रमुख चार्ल्स फोर्ब्स याने हॉस्पिटलसाठीच्या कोऱ्या चादरी-टॉवेल पडेल भावात विकले आणि तुरुंगात गेला. शत्रूची जप्त मालमत्ता सांभाळणारा थॉमस मिलर तुरुंगात गेला. ॲटर्नी जनरल हॅरी डॉहर्टीला १९२४ मध्ये जावं लागलं, त्याच्यावर दोनदा खटला चालला आणि दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही. विरोधकांनी फुगवलं म्हणावं तर विरोधकांचेच हात अडकले होते, डेमोक्रॅट पक्षाचा १९२४ चा मोठा दावेदार विल्यम मॅकॅडू हा डोहेनीचा पगारी वकील निघाला. कोर्ट तर फुगवत नव्हतं ना? सुप्रीम कोर्टाने १९२७ मध्ये दोन्ही भाडेपट्टे रद्द केले. फॉल लाच घेतल्याबद्दल दोषी ठरला २५ ऑक्टोबर १९२९ ला, म्हणजे वॉल स्ट्रीटवर शेअर बाजार कोसळला त्या काळ्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणून तो निकाल बाजाराच्या बातम्यांखाली गाडला गेला. पुढे मार्च १९३० मध्ये डोहेनी तीच लाच देण्याच्या आरोपातून सुटला. घेणाऱ्याने घेतली, देणाऱ्याने दिलीच नाही.

हूव्हर. इथे फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे, कारण हूव्हर ढिम्म बसून होता ही गोष्टही खोटीच आहे. नोव्हेंबर १९२९ मध्ये त्याने उद्योगपतींना बोलावून पगार कापू नका सांगितलं, सरकारी बांधकामं वाढवली, शेतमाल बोर्डाला ५० कोटी डॉलर दिले. जून १९३० मध्ये स्मूट-हॉले टॅरिफवर सही केली, हजारावर अर्थतज्ज्ञांनी करू नका म्हणून विनवलं असताना. ती चूकच होती. पण फॉरवर्डवाल्याने टॅरिफ हूव्हरच्या नावावर मांडला तर हार्डिंगच्या नावावरही दोन मांडावे लागतील, आणि शिवाय तेव्हा अमेरिकेची निर्यात म्हणजे एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आसपास, तेवढ्याने बेकारी २५ टक्क्यांवर जात नाही.

पुन्हा तारखा बघा. मंदी ऑगस्ट १९२९ मध्येच सुरू झाली होती, शेअर बाजार पडायच्या आधी. सट्टा मोडायचा म्हणून फेडने १९२८ पासून दर चढवले होते, ऑगस्ट १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा दर ६ टक्के. शेअर घ्यायला दलालांमार्फत दिलेली कर्जं ऑक्टोबरात साडेआठ अब्ज डॉलरवर गेलेली, आणि कूलिज जानेवारी १९२८ मध्येच जाहीरपणे सांगून मोकळा झाला होता की ही कर्जं काही जास्त नाहीत. हूव्हरने वरचा टॅक्स २५ वरून ६३ टक्क्यांवर नेला तो जून १९३२ मध्ये. रिकन्स्ट्रक्शन फायनान्स १९३२ ची. शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ होता तो जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. तीन वर्षं घर जळून झाल्यावर जे केलं ते आग लागण्याचं कारण कसं होईल? (१९३२ ची टॅक्सवाढ घातक होती हे मात्र मान्य, पण ती कशासाठी केली? बजेट बॅलन्स करायला, म्हणजे फॉरवर्डवाल्याच्या आवडत्या तत्त्वासाठी.)

साध्या मंदीची महामंदी झाली बँकांमुळे. १० डिसेंबर १९३० ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बँक ऑफ युनायटेड स्टेट्स या खाजगी बँकेच्या एका शाखेबाहेर अफवा पसरली, बघता बघता हजारोंची गर्दी, खात्यात फक्त दोन डॉलर असलेला एक जण दोन तास रांगेत उभा होता. दुसऱ्या दिवशी बँक उघडलीच नाही, चार लाखांवर खातेदार अडकले. ठेवींना विमा नाही, आणि फेड मदतीला आलं नाही. १९३० ते १९३३ मध्ये अशा ९ हजारांच्या आसपास बँका गेल्या आणि देशातला पैसाच एक तृतीयांश आटला. त्यात सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं (रुपया पौंडाला बांधलेला, सोन्याचा भाव चढला आणि आपल्या शेतकऱ्यांच्या घरातलं सोनं मुंबई बंदरातून जहाजंच्या जहाजं भरून लंडनला गेलं ते तेव्हाच), तर अमेरिकेतलं सोनं जाऊ नये म्हणून फेडने ऑक्टोबरात एका आठवड्यात दर दीडवरून साडेतीन टक्के केला. १९२१ मध्ये ब्रेक सोडला होता, १९३१ मध्ये बुडत्या बँकांच्या तोंडावर तो पुन्हा दाबला.

आणि त्या वेळी फेडच्या बोर्डाचा पदसिद्ध अध्यक्ष कोण असायचा? देशाचा अर्थमंत्री. म्हणजे अँड्र्यू मेलन! हार्डिंग, कूलिज आणि हूव्हर, तिघांच्याही मंत्रिमंडळात तोच, मार्च १९२१ पासून फेब्रुवारी १९३२ पर्यंत. फॉरवर्डचा हीरो व्हिलनच्या शेजारच्या खुर्चीत तीन वर्षं बसलेला होता, आणि गेला तोसुद्धा काँग्रेसमध्ये महाभियोगाची मागणी आल्यावर लंडनला राजदूत म्हणून. भरभराटीचं श्रेय मेलनचं आणि बुडीत खातं एकट्या हूव्हरचं, असं कसं?

रूझवेल्टबद्दल फार लिहीत नाही. त्याच्या सगळ्याच योजना चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही, उद्योगांना एकत्र बसवून भाव बांधून देणारी एनआरए ही तर चूकच होती, १९३५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उडवली ते बरं झालं. पण १९३३ मध्ये त्याने बँका बंद करून तपासून उघडल्या, ठेवींना विमा आणला, डॉलर सोन्यापासून सोडवला आणि पुढची चार वर्षं उत्पादन जोरात वाढलं, बेकारी २५ वरून १५ च्या खाली आली.

मग १९३७ मध्ये काय झालं ते फॉरवर्डमध्ये नाही, आणि खरी परीक्षा तर त्या वर्षी झाली. झालं आता बरं, म्हणून सरकारने खर्च कापला, सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेचा नवा टॅक्स पगारातून कापायला सुरुवात झाली, फेडने बँकांना ठेवायला लागणारा राखीव निधी टप्प्याटप्प्याने दुप्पट केला. बजेट बॅलन्सच्या जवळ, पैसा आवळलेला, अगदी फॉरवर्डमध्ये लिहिलंय तसं. कारखान्यांचं उत्पादन वर्षभरात सुमारे एक तृतीयांश घसरलं, लाखो लोक परत बेकार झाले. एप्रिल १९३८ मध्ये रूझवेल्टने काँग्रेसकडे नव्या खर्चाला पैसे मागितले, त्याच महिन्यात फेडने राखीव निधीची अट सैल केली, आणि जूननंतर उत्पादन परत वर जायला लागलं.